हळद्याच्या घरट्यावरचं ऊन

भाऊजींच्या घरातल्या मागच्या खोलीत पूर्वी इस्त्रीचं टेबल, पंक्चर झालेली सायकल आणि कुणीही कधी न वापरलेलं व्यायामाचं यंत्र असायचं. सिनेमा सुरू झाला तसं ते सगळं गॅलरीत गेलं, खिडकीवर जाड काळा पडदा आला, टेबलावर दोन मॉनिटर आले आणि त्या मॉनिटरसमोर धाकटी येऊन बसली.

धाकटी म्हणजे भाऊजींची मेहुणी आणि सिनेमाची एडिटर. घरात तिला सगळे धाकटीच म्हणायचे, आणि चाळिशी जवळ आली तरी त्यात बदल व्हायची काही चिन्हं नव्हती. तिची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, दिवसा एका वाचनालयात काम करायची आणि उरलेल्या वेळात सिनेमाचं निवेदन लिहायची. आवाजही तिचाच असणार होता. कॅमेरा ज्याच्याकडे होता त्याला बगळा म्हणत, कारण तो उंच होता, किडकिडीत होता आणि गुडघाभर पाण्यात न हलता कितीही वेळ उभा राहू शकायचा. आवाजाचं काम मामांकडे. मामा कुणाचेच मामा नव्हते. तसे भाऊजीही फक्त धाकटीचे भाऊजी होते, पण तिचं ऐकून सगळी टीमच त्यांना भाऊजी म्हणायला लागली होती, आणि त्यांना ते मनातून आवडायचं असं ताईचं मत होतं.

सिनेमा एका तळ्यावर होता. शहराच्या कडेला एक दगडाची खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, भोवती आपोआप झाडं वाढली. माणसांनी ओरबाडून टाकून दिलेल्या जागेत वर्षभर काय काय जगतं ते दाखवायचं, अशी भाऊजींची कल्पना. कल्पना चांगली होती. त्यासाठी त्यांनी जाहिरातींची चांगली चाललेली कामं सोडली, सासरच्यांची बोलणी खाल्ली, चिखलात पडून पाय मोडून घेतला. बेडूक, चतुर, पाणकोंबड्या, एक म्हातारा मुंगूस, सगळं टिपून झालं होतं. पण सिनेमाचा जीव होता हळद्या या पिवळ्याधमक पक्ष्याच्या घरट्यात.

हळद्याचं घरटं सहसा इतकं उंच असतं की खालून नुसता पानांचा गुंता दिसतो. हे मात्र खाणीच्या काठावरून खाली झुकलेल्या झाडावर होतं. समोरच्या कड्यावर मचाण बांधलं की कॅमेरा थेट घरट्याच्या पातळीवर यायचा. मादीने अंडी उबवली, तीन पिल्लं झाली, मग ऊन तापलं आणि मादी पंख पसरून पिल्लांवर सावली धरून उभी राहिली. चोच उघडी, छाती धापा टाकतेय, पण हलत नाही. तो शॉट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ताई ढसाढसा रडली होती. त्यानंतर कावळे आले आणि घरटं रिकामं झालं.

ताईने त्या प्रसंगावर लिहिलं होतं, ‘सूर्य डोक्यावर येतो. तिच्याकडे पंखांशिवाय काही नाही. ती त्यांचीच सावली करते.’ टीव्हीच्या वाहिनीवाल्यांना नमुना पाठवला तर त्यांनी त्याच दिवशी फोन केला. पोस्टरवर तोच शॉट घ्यायचं ठरलं.

आणि त्या शॉटपाशी धाकटीचं घोडं अडलं.

तिला दोन तुकडे जोडायचे होते. पहिल्यात मादी अंड्यांवर बसलेली, दुसऱ्यात पिल्लं बाहेर आलेली. साधा कट. पण तो काही केल्या बसत नव्हता. पहिल्या तुकड्यात हिरवा, गार, पाण्याखाली असावा तसा उजेड, आणि दुसऱ्यात ऊन असं पांढरंफटक की पिल्लांच्या कातडीखालच्या शिरा दिसाव्यात. आधी तिला वाटलं, बगळ्याने एक्स्पोजर बिघडवलं. तिने रंग उतरवून पाहिले, सावल्या गडद करून पाहिल्या. उजेड बदलला तरी जागा तीच वाटेना. मग तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि पानं बघायला लागली.

पहिल्या चित्रात घरट्यावर एक मोठी फांदी आडवी आलेली होती. दुसऱ्यात ती नव्हती. डावीकडचा झुबका नव्हता. खालच्या दोन डहाळ्या नव्हत्या. तिने चित्र मोठं केलं. मोठं करत करत ती त्या फांदीच्या मुळापर्यंत गेली. तिथे एक तिरपा, गुळगुळीत, ताजा पांढरा काप होता.

वाऱ्याने फांदी अशी मोडत नाही. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन उचलला आणि बगळ्याला म्हणाली, “आत्ताच्या आत्ता इकडे ये.”

बगळा आला तो दारातच उभा राहिला. मॉनिटरवरचा काप त्याला तिथून दिसला असणार, कारण त्याने चप्पलही काढली नाही.

“हे काय आहे?”

“फांदी.”

“ते मलाही दिसतंय. कुणी कापली?”

बगळ्याने एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतलं. “घरटं दिसत नव्हतं गं. नुसती शेपटी दिसायची. भाऊजी म्हणाले, चेहरा पाहिजे.”

“मी विचारलं, कापली कुणी?”

“भाऊजींनी. शिडी लावून. मी मचाणावर होतो, कॅमेऱ्यावर.”

“आणि तू बघत बसलास.”

“शूट करत होतो.” तो खाली बघून म्हणाला, “आहे ते त्यात. ‘फोकस टेस्ट’ नावाचा तुकडा आहे बघ. मी टाकून नाही दिला.”

धाकटीने तो तुकडा शोधून काढला. कॅमेरा आधी धूसर होता, मग घरट्यावर स्थिर झाला. डावीकडून एक हात आत आला. हातात छाटणीची कात्री. मनगटावरचं रुंद पट्ट्याचं घड्याळ या घरातल्या कुणीही ओळखलं असतं. कात्री मिटली, फांदी झुकली, सुटली, आणि घरट्यात एकदम भस्सकन ऊन पडलं. तिन्ही पिल्लांनी खाऊ आला समजून चोची उघडल्या. बाजूच्या फांदीवर मादी इकडून तिकडे उड्या मारत होती. हात परत आला आणि दुसरी डहाळी कापून गेला.

“म्हणजे ती सावली,” धाकटी म्हणाली. तिने खुर्ची मागे ढकलली. “अरे, म्हणजे ती पंख पसरून उभी राहिली ती यांच्यामुळे? यांनी डोक्यावरचं छप्पर काढलं म्हणून? आणि ती पिल्लांवर उभी राहिली म्हणून चाऱ्याला नर एकटाच जायचा, आणि भुकेने पिल्लं ओरडायला लागली म्हणून ती गेली, आणि कावळ्यांना वरून सगळं ताटात वाढल्यासारखं!”

“मी झोपलो नाही दोन दिवस,” बगळा म्हणाला.

“फार उपकार झाले.”

भाऊजी आले ते पोस्टरची गुंडाळी काखेत मारून, शीळ घालत. त्यांनी ते पोस्टर जमिनीवर उलगडलं आणि चार कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं, एक स्टेपलर, एक मग, दोन चपला. पंख पसरलेली मादी फरशीवर धापा टाकत पडली.

“बघ,” ते म्हणाले. “बोल आता.”

“बोलते,” धाकटी म्हणाली आणि तिने कळ दाबली.

भाऊजींनी स्वतःचा हात आत येताना पाहिला, बाहेर जाताना पाहिला. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्यांनी बगळ्याकडे पाहिलं. बगळा भिंतीकडे बघत होता.

“हे ठेवायची काय गरज होती?”

“कापायची काय गरज होती?” धाकटी म्हणाली.

“हे बघ धाकटे, तू या खोलीत बसून काम करतेस. बाहेर काय करावं लागतं तुला माहीत नाही. सगळे करतात. नाहीतर लोकांना काय दाखवू, पानं? तासभर पानं दाखवू?”

“पानं दाखवायची नसतील तर दुसरा धंदा करा!”

“आवाज खाली.”

“नाही करणार खाली. तीन पिल्लं मारलीत तुम्ही.”

“कावळ्यांनी मारली. कापली नसती तरी मेली असती. किती घरटी टिकतात? विचार कुणालाही. निसर्ग असाच असतो, क्रूर असतो.”

“निसर्गाला घड्याळ असतं का, भाऊजी? रुंद पट्ट्याचं?”

बगळ्याच्या घशातून कसलासा आवाज आला. भाऊजी गर्रकन त्याच्याकडे वळले आणि तोंडाला येईल ते बोलले. नमकहराम म्हणाले, तुला कॅमेरा कुणी धरायला शिकवला म्हणाले, पोट भरलं की माणसाला तत्त्वं सुचतात म्हणाले. तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि वाचनालयाची पिशवी खांद्याला अडकवलेली ताई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“खालपर्यंत ऐकू येतंय,” ती म्हणाली. “काय झालं?”

“काही नाही,” भाऊजी म्हणाले. “हिचं नेहमीचं. नाकावर राग.”

धाकटीने ताईकडे पाहिलं. मग काहीही न सांगता तिने तुकडा पुन्हा सुरुवातीपासून लावला. त्यात मिनिटभराचंही काही नव्हतं. संपल्यावर ताईने पिशवी खाली ठेवली.

“मला कशाला दाखवलंस?” ती धाकटीला म्हणाली. “आत्ताच बरं दिसलं तुला. मी लिहून मोकळी झाल्यावर.”

“मला आजच—”

“तू गप्प बस.” मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि तू. मी रडत होते. इथेच, या खुर्चीत. तू माझ्या शेजारी होतास. तू मला रुमाल दिलास.”

“अगं, मग काय करायला हवं होतं?”

“तुला माहीत होतं ती का उभी आहे. आणि तू मला रुमाल दिलास!”

भाऊजी पोस्टर गुंडाळायला लागले. त्यावरची चप्पल काढायची राहिली, ती फरशीवर घसरत गेली. पोस्टर नीट गुंडाळलं जाईना तसे ते अजून चिडले आणि म्हणाले, “ठीक आहे. हा सिनेमा माझा आहे. ज्याला पटत नाही त्याने जावं. एडिटर काय, पैशाला पासरी मिळतात.”

“आणा,” धाकटी म्हणाली. तिने हार्ड डिस्क मशीनपासून सोडवून एकावर एक रचल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. एका क्षणी तिला वाटलं, ही सगळी चळत गॅलरीतून खाली टाकून द्यावी. त्यात बेडूक होते, चतुर होते, बगळ्याने थंडीत कुडकुडत घेतलेल्या पहाटा होत्या. तिने डिस्कवरून हात काढून घेतला आणि बाहेर पडली.

रस्त्यावर ती किती चालली तिला कळलं नाही. लोक ऑफिसांतून सुटले होते, सिग्नलला गाड्या खोळंबल्या होत्या, एक बाई फोनवर कुणालातरी झापत होती. धाकटीला त्या बाईचा हेवा वाटला. तिच्याकडे ओरडायला माणूस तरी होता. आपण ज्याच्यावर ओरडायला हवं त्याच्याच घरी गेली तीन वर्षं जेवलो, त्याचा पाय मोडला तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं, त्याच्या कल्पनेवर त्याच्याइतकाच जीव टाकला. परक्या माणसाने हे केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. घरच्या माणसाने केलं की तो राग कुठे नेऊन ठेवायचा हेच समजत नाही.

आठवडाभर ताईचा फोन आला नाही. धाकटीनेही केला नाही. मग एका सकाळी मामांचा आला.

“निवेदनाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे,” मामा म्हणाले. “भाऊजी येतायत. ताई येतेय. ती म्हणाली तुलाही बोलाव.”

“म्हणजे ती वाचणार? तेच?”

“मला काय माहीत बाई. मी फक्त माईक पुसून ठेवतो.”

मामांचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या घरातली कपड्यांची खोली. भिंतींना रजया टांगलेल्या, जमिनीवर सतरंजी, कपाटाच्या दारांवर गाद्या बांधलेल्या. आत शिरलं की स्वतःचा आवाजही दबल्यासारखा वाटायचा. मधल्या काचेच्या अलीकडे छोट्या टेबलापाशी मामा, त्यांच्यामागे खुर्चीत भाऊजी, आणि कोपऱ्यात बगळा. धाकटीला बघून भाऊजींनी मान फिरवली. ताई काचेपलीकडे माईकसमोर बसली होती. डोळ्यांखाली काळं, पण केस नीट विंचरलेले. तिने वाचायला सुरुवात केली.

तळं, खाण, बेडूक. ताईचा आवाज असा होता की रेल्वेचं वेळापत्रक वाचलं तरी माणूस ऐकत बसेल. भाऊजींचे खांदे हळूहळू सैल पडले. वाचणार ही, धाकटीला वाटलं. नवरा तो नवरा. वाचणार आणि संध्याकाळी घरी जाऊन भाजी चिरणार.

“सूर्य डोक्यावर येतो,” ताईने वाचलं. मग ती थांबली. तिने कागद पालथा घातला आणि माईककडे बघत सावकाश म्हणाली, “या घरट्यावर सावली होती. ती आम्ही कापली. आम्हाला तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणून. आता तिच्याकडे पंखांशिवाय काही नाही.”

भाऊजी ताडकन उठले. मामांच्या समोरचं बटण दाबून ते आत बोलायच्या माईकवर ओरडले, “काय वाचतेस?”

“झालं ते.”

“कागदावर आहे तेवढं वाच.”

“कागदावरचं मी लिहिलंय. मीच खोडते.”

“मामा, बंद करा ते.”

मामांनी चष्मा वर सरकवला. “भाऊजी, मी बटणं दाबायला बसलोय. कुणाचं तोंड दाबायला नाही.”

“मग दुसरी बाई आणतो. आवाजही दुसरा, एडिटरही दुसरा.”

“आणा,” कोपऱ्यातून बगळा म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण बगळा अशा वेळी कधीच बोलत नसे. “त्या एडिटरला मी सांगेन. त्याच्या जागी तिसरा आणलात तर त्यालाही सांगेन. वाहिनीवाल्यांनाही सांगेन.”

“तू सांगणार? तू तर तिथे होतास! तेव्हा का नाही तोंड उघडलंस?”

“घाबरलो.”

“कशाला?”

“तुम्हाला. तुम्ही ओरडता.”

भाऊजी एकेकाकडे बघत गेले. मामा, बगळा, धाकटी, काचेपलीकडची बायको. त्यांना बाजू घेणारं कुणीतरी हवं होतं आणि त्या रजयांच्या खोलीत तसं कुणी नव्हतं. त्यांनी खुर्चीला लाथ मारली. खुर्ची गादीवर आपटली, तिचा आवाजसुद्धा झाला नाही. मग ते निघून गेले.

तीन-चार दिवसांनी धाकटीला त्यांचा निरोप आला. ‘काय करायचं ते कर. मी असताना करू नकोस.’ ते ऑफिसला गेल्यासारखे सकाळी घराबाहेर पडायचे, कुठे जायचे कुणास ठाऊक, आणि धाकटी मागच्या खोलीत बसून काम करायची. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता त्या निरोपात. पण माणसं त्यांच्या हातून सुटली होती, आणि एकट्याने सिनेमा होत नाही एवढं त्यांना समजत होतं.

‘फोकस टेस्ट’चा तुकडा धाकटीने पंख पसरलेल्या शॉटनंतर लगेच लावला. लांबी कमी केली नाही. घड्याळ तसंच ठेवलं. फक्त निवेदनावरून तिचं आणि ताईचं चांगलंच वाजलं.

“‘आम्ही कापली’ काय? ‘दिग्दर्शकाने कापली’ म्हण,” धाकटी म्हणाली. “मी कुठे होते? तू कुठे होतीस?”

“सिनेमावर नाव आहे ना तुझं?”

“मला माहीतसुद्धा नव्हतं!”

“आवडला होता ना तो शॉट? मलाही आवडला होता. त्याच्यावर तू संगीत लावलंस, मी शब्द लावले. कौतुक वाटून घेताना आम्ही आणि कात्री चालवताना तो?”

“त्याला वाचवतेयस तू.”

“त्याला?” ताई उठून उभी राहिली. “मी गेले दोन आठवडे त्याच्याशी मीठ मागण्यापलीकडे बोललेले नाही. तुझा राग तू ओरडून मोकळा करतेस. मी त्याच घरात झोपते. माझा राग मला रोज सकाळी चहा करताना दिसतो समोर. तेव्हा मला शिकवू नकोस.”

धाकटीने ‘आम्ही’ ठेवलं. पण पटलं म्हणून नाही.

पहिला खेळ एका जुन्या सभागृहात होता, संध्याकाळी. खुर्च्यांच्या लाल गाद्या विटलेल्या, पडद्याच्या कडेला पाण्याचे डाग. तरी हॉल भरला. वाहिनीचा माणूस पुढच्या रांगेत बसला होता. त्याला काही सांगितलेलं नव्हतं. बेडकांवर लोक हसले, मुंगसाला टाळ्या पडल्या. मादीने पंख पसरले तेव्हा सगळ्या हॉलमधून एक हळहळ उठली. मग ताईचा आवाज आला, मग हात आला, कात्री आली. हळहळ तिथल्या तिथे तुटली. मागे कुणीतरी मोठ्याने शिवी दिली. एक माणूस उठला आणि मुलीचा हात धरून निघून गेला, त्याच्या खुर्चीची गादी फटकन मिटली.

दिवे लागल्यावर पाचही जणांना मंचावर बोलावलं. टाळ्या कमीच होत्या. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई काठी टेकत उठल्या. त्यांनी माईकची वाट पाहिली नाही.

“कापताना हात नाही थरथरला?”

भाऊजींनी माईक घेतला. धाकटीला वाटलं, आता साखर पेरतील, हे चांगलं बोलतात.

“नाही,” भाऊजी म्हणाले. “त्या वेळी नाही. मला वाटलं, आता चांगलं दिसतंय.”

“लाज वाटत नाही?”

“आता इथे उभं राहून वाटतेय.”

“इथे काय कामाची ती,” म्हातारी म्हणाली आणि खाली बसली. भाऊजींनी माईक खाली केला.

मग मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले, बोलायची सवय असलेले. ते म्हणाले की असा प्रामाणिकपणा त्यांनी पडद्यावर कधी पाहिला नाही. स्वतःची चूक जगापुढे मांडायला केवढं धैर्य लागतं, या टीमला आपण उभं राहून दाद द्यायला हवी. आणि ते खरंच उभे राहिले. त्यांच्या आजूबाजूचे चार-पाच जण उठले. मग आणखी. हॉलमध्ये आता खरीखुरी टाळी सुरू झाली, मघाची हळहळ, मघाची चीड, सगळं त्या टाळीत विरघळायला लागलं. धाकटीने भाऊजींकडे पाहिलं. त्यांची पाठ सरळ होत होती. हनुवटी थोडी वर आली होती. ते मान झुकवून टाळी घेत होते.

धाकटीने त्यांच्या हातातून माईक अक्षरशः ओढून घेतला.

“बसा,” ती म्हणाली. “बसा सगळे. टाळ्या कसल्या वाजवताय? आम्ही प्रामाणिक नाही. आम्ही पकडले गेलो. पोस्टर छापून झालं होतं आमचं. दोन शॉट जुळले असते तर तुम्ही आज रडून घरी गेला असता आणि आम्ही हार घालून घेतले असते. पिल्लं मेलीत. त्याबद्दल आमचं कौतुक करू नका.”

टाळ्या थांबल्या. उभी राहिलेली माणसं कुणाकडे बघावं ते न सुचून एकेक करून बसली. सूत्रसंचालक पुढे झाला आणि चहाची सोय बाहेर केली आहे असं म्हणाला.

पार्किंगमध्ये भाऊजींनी तिला गाठलं. ते ओरडले नाहीत, त्यामुळे ते काय बोलतायत ते नीट ऐकू आलं.

“तेवढं तरी मिळू द्यायचं होतंस.”

“नाही.”

“तीन वर्षं घातली मी. पाय मोडला. कबूल केलं मी, सगळ्यांसमोर केलं. अजून काय पाहिजे तुला?”

“काही नको. तुम्हाला ती टाळी गोड लागली, भाऊजी. मी बघत होते.”

“माणूस आहे मी!”

“मग मी कोण आहे?” धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. ताई गाडीपाशी येऊन उभी होती. तिने दार उघडलं, आतली आपली पिशवी घेतली, दार लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, “मी हिच्याकडे जातेय. किती दिवस ते विचारू नकोस.” भाऊजी गाडीत बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

वाहिनीने सिनेमा घेतला नाही. पोस्टरचा गठ्ठा कुणी उचलला नाही. सिनेमा नंतर शाळांमध्ये, छोट्या सभागृहांमध्ये दाखवला गेला आणि भाऊजी प्रत्येक ठिकाणी जात राहिले. मामा त्यांच्याबरोबर जायचे. ते सांगायचे की लोक शिव्या देतात तेव्हा हा माणूस उभा राहून ऐकतो, आणि टाळ्या वाजायला लागल्या की हात वर करून थांबवतो. “शिकला का नाटक करतोय, मला कळत नाही,” मामा म्हणायचे, “पण थांबवतो खरं.” बगळ्याने घरट्यांचं काम घेणं बंद केलं. त्याला आता तळाशी रांगणाऱ्या गोगलगायी आवडायला लागल्या होत्या. त्यांचा चेहरा कुणी मागत नाही, म्हणायचा.

ताई महिनाभर राहिली. मग एका रविवारी तिने कपडे भरले.

“चाललीस?” धाकटीने विचारलं.

“चाललेय. भांडायला तरी समोर माणूस हवा ना.” ती जिन्यापाशी थांबली. “तो विचारत होता, तू पुढच्या सिनेमाला बसशील का. कड्यावरच्या मधमाश्यांवर आहे.”

“स्वतः का नाही विचारलं?”

“घाबरतो तुला. म्हणतो, तू ओरडतेस.”

“त्याला म्हणावं, स्वतः विचार. मग सांगेन.”

“काय सांगशील?”

“ते त्याला सांगेन,” धाकटी म्हणाली आणि ताईची जड बॅग उचलून खाली निघाली.